कॉलशीटवर जेवणाची वेळ लिहा

प्रति,
मुंबईतील मॉडेल एजन्सींचे संचालक, कास्टिंग करणारी मंडळी, डिझायनर आणि फॅशन शोचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे चालायला शिकायला येणाऱ्या एका मुलीनं मागच्या आठवड्यात मला विचारलं, "ताई, शूटला डबा नेलेला चालतो का?" वय एकोणीस, उंची पाच फूट नऊ इंच, पहिलंच मोठं काम. पैसे किती मिळतील, फोटोग्राफर कोण आहे, यातलं काही तिनं विचारलं नाही. डब्याचं विचारलं, तेही मान खाली घालून. आदल्या लुक टेस्टला, म्हणजे शूटच्या आधी कपडे-मेकअप करून बघतात तेव्हा, तिनं पिशवीतून पोळीभाजी काढली, तेव्हा कुणीतरी तिला म्हणालं होतं की कपड्यांना वास लागेल आणि पोटही दिसेल.

मी तिला "बिनधास्त ने" म्हटलं. पण तिथं तो डबा उघडायला तिला वीस मिनिटं मिळतील की नाही, हे माझ्या हातात नाही. ते तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

मी सोळा वर्षं मॉडेल म्हणून काम करते आहे. सुरुवात रॅम्पवर झाली, मग कॅटलॉग, ऑनलाइन दुकानांची शूट्स, साड्या, दागिने. आता पस्तिशीत जाहिरातींत शाळकरी मुलांची आई होते, सणासुदीला पैठणी नेसून उभी राहते आणि शनिवार-रविवार नव्या मुलींना शिकवते. माझं या कामावर प्रेम आहे. कपडा अंगावर कसा पडेल, उजेड कुठून येतोय, वळताना निऱ्या कुठल्या पावलाला उघडतील, हे अंगात मुरायला वर्षं जातात. हे कसब आहे. सुताराच्या किंवा तबलजीच्या हातात असतं तसंच. त्या कसबाची उपासमारीशी गाठ मारून ठेवली आहे, त्याचा मला राग येतो.

मी मूळची कराडची. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचे. २००९ साली मुंबईत आले, यारी रोडला एका फ्लॅटमध्ये आम्ही सहाजणी राहायचो. तेव्हा माझं वजन ५९ किलो होतं. पहिल्या एजन्सीत उभं करून टेप लावला आणि सांगितलं, कंबर दोन इंच आणि नितंब तीन इंच कमी करून ये. किती दिवसांत, तेही सांगितलं: तीन आठवडे. कसं, ते कुणी सांगितलं नाही. मग जे बाकीच्या पाचजणी करत होत्या तेच मी केलं. काळी कॉफी, काकडी, रात्री दोन अंड्यांचं नुसतं पांढरं. महत्त्वाच्या कास्टिंगच्या आधी जुलाबाची गोळी. दोन वर्षांत ४८ किलोवर आले. माझ्या उंचीला ४८ किलो म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) १६ च्याही खाली. जागतिक आरोग्य संघटना १८.५ च्या खाली गेलेल्या माणसाला कमी वजनाचं मानते. त्या हिशेबानं मला किमान ५७ किलो तरी हवे होते.

आणि काम वाढत गेलं. हे मला तुमच्यापुढं स्पष्ट ठेवायचं आहे. मी जितकी वाळत गेले तितके फोन जास्त येत गेले. कुणी म्हणालं नाही की तू आजारी दिसतेस. "आता कशी शार्प दिसतेस" असं म्हणाले.

त्याच सुमारास एका मासिकानं माझी छोटी मुलाखत छापली. फिटनेसचं रहस्य काय, असं विचारलं होतं. मी सांगितलं: सकाळी कोमट पाणी आणि लिंबू, योगासनं, आठ तास झोप, घरचं जेवण. आईनं ते कात्रण कपाटात जपून ठेवलं. त्या दिवशी माझी पाळी बंद होऊन अकरा महिने झाले होते. कुठल्या तरी गावात एखाद्या मुलीनं ते वाचलं असेल आणि लिंबूपाण्यानं अशी कंबर होते असं तिला वाटलं असेल, हे आठवलं की आजही जीव तुटतो.

२०१४ च्या हिवाळ्यात नवरीच्या कपड्यांच्या एका शोची तालीम चालू होती. लेहेंगा बारा किलोचा होता. तुम्ही हे वजन रोज पाहता, पण एकदा हिशेब करून बघा: ४८ किलोच्या मुलीच्या कंबरेला तिच्या वजनाचा चौथा हिस्सा बांधायचा, चार इंची टाच घालायची आणि तिला हसत चालायला सांगायचं. तिसऱ्या फेरीला उजव्या पावलात कळ आली. मी पडले नव्हते, पाय मुरगळलाही नव्हता. एक्स-रेमध्ये पावलाच्या लांब हाडाला बारीक चीर दिसली. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "पाळी नियमित येते का?" पाच वर्षांत असंख्य लोकांनी माझी कंबर मोजली होती. हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच.

त्यांनी जे समजावलं ते मी आता प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगते. अन्न कमी पडलं की शरीर घरखर्चाला कात्री लावल्यासारखं एकेक गोष्ट थांबवत जातं. हृदय, मेंदू हे शेवटपर्यंत चालू ठेवतं. पाळी त्याच्या लेखी लवकर थांबवता येण्यासारखी. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन उतरतं, आणि हाडांची राखण करणारं तेच असतं. हाडांची पुंजी साधारण तिशीच्या आतच साठते. म्हणजे मॉडेलला सगळ्यात जास्त काम असतं ती वर्षं आणि हाडं भरायची वर्षं एकच. खेळाडूंमध्येही असं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ सालीच त्याला वेगळं नाव दिलं, म्हणजे प्रशिक्षकांना ते वेळीच ओळखता यावं. आपल्याकडे पाळी थांबली की मुली एकमेकींना सांगतात, "बरं झालं, शूटच्या दिवशी कटकट नाही." मीही म्हटलं होतं.

त्यात आपल्या मुली मुळातच भरल्या अंगानं येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीला "आणखी तीन किलो" सांगण्याआधी तिचं हिमोग्लोबिन किती आहे हे निदान एकदा तरी बघायला नको का?

तुमच्यातले बरेचजण म्हणतील, आम्ही कुणाला उपाशी राहायला सांगत नाही. आम्ही शिस्त सांगतो. नीट खा, पाणी प्या, झोपा, व्यायाम करा. ही शिस्त एका दिवसाच्या कॉलशीटवर, म्हणजे शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकावर, ठेवून बघूया.

कॉल पहाटे साडेपाचचा, स्टुडिओ भिवंडीच्या गोदामांमध्ये. अंधेरीहून निघायचं तर चारला उठायचं. पीजीत स्वयंपाकघर वापरायला परवानगी नसते, म्हणून रिकाम्या पोटी निघायचं. दिवसाला चाळीस-पन्नास कपडे. दुपारी जेवणाची सुट्टी होते, पण ती लाइटवाल्यांची आणि स्पॉट दादांची. त्यांना ती मिळायलाच हवी, त्यांच्या संघटनांनी ती झगडून मिळवली आहे. मॉडेलच्या त्या पाऊण तासात तिचे केस बदलतात. ताट समोर येतं तेव्हा ओठांना लिपस्टिक लागलेली असते आणि मागून ब्लाउजला वीस टाचण्या लावलेल्या असतात. पाणी प्यायचं तर टॉयलेटला जावं लागणार, टॉयलेटला जायचं तर सगळं उसवावं लागणार, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला नाही अशी मॉडेल मला माहीत नाही. पॅकअप रात्री दहाला, घरी पोचायला साडेअकरा, आणि दुसऱ्या दिवशी फिटिंग आठला. यात आठ तासांची झोप कुठं बसते, तुम्हीच सांगा. या कामाचे पैसे टीडीएस आणि कमिशन कापून तीन महिन्यांनी येणार. तोवर भाडं द्यायचं, पुढच्या पोर्टफोलिओला पैसे बाजूला काढायचे. फळं, दूध, डाळी या महिन्याच्या हिशेबात सगळ्यात आधी कापल्या जाणाऱ्या वस्तू आहेत. दोन मिनिटांच्या नूडल्सवर जगणाऱ्या मुलीला तिच्या त्वचेवर तेज नाही म्हणून बोलणी बसताना मी पाहिलं आहे.

साडीच्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात कायद्यानं कामाच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती आहे. तीच साडी नेसून दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीला व्यवहारात ती नाही, कारण ती कुणाचीच नोकर नाही. जाहिरातीत काम करणाऱ्या लहान मुलांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, कमाईचा किमान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावानं मुदत ठेवीत. चौदावं वर्ष पूर्ण झालं की हे छत्र संपतं. आपल्या रॅम्पवर पंधरा-सोळा वर्षांच्या मुली तिशीच्या बायकांचे कपडे घालून चालतात, त्या या छत्राबाहेरच्या असतात. मोठी झालेली मॉडेल त्यांच्या मापात बसत नाही, कारण तिचं शरीर आता बाईचं झालेलं असतं. आणि मग तिला आपण सांगतो की तुझं वजन वाढलं.

आपल्या धंद्याचा पिंड पहिल्यापासून असा नव्हता. आपल्या मराठी माणसांचीच दोन उदाहरणं देते. मधु सप्रे नागपूरची, खेळाडू म्हणून वाढलेली. १९९२ साली बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या फेरीत तिला विचारलं की देशाची सूत्रं हाती आली तर काय करशील. तिनं सांगितलं, खेळाचं स्टेडियम बांधीन. ती तिसरी आली, आणि त्या उत्तरानं मुकुट घालवला असं लोक आजही म्हणतात. मी ते उत्तर मोठं झाल्यावर ऐकलं तेव्हा मला रडू आलं. मैदानावर वाढलेल्या मुलीला मैदानच आठवणार. मिलिंद सोमण शिवाजी पार्कचा, राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू. शरीर पोहण्यानं घडलेलं होतं, कॅमेरा नंतर आला. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली, त्यानं झुरिकची आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली. या दोघांच्या फोटोंत जे दिसतं ते भरलेल्या स्नायूंचं, भरल्या पोटाचं सौंदर्य आहे. नंतर कपड्याचं माप आधी ठरायला लागलं आणि माणूस त्यात बसवायला लागले.

बाहेरच्या जगानं याची किंमत आधी मोजली. २ ऑगस्ट २००६ ला माँटेव्हिडिओत लुइसेल रामोस ही २२ वर्षांची उरुग्वेची मॉडेल रॅम्पवरून उतरल्यावर थोड्याच वेळात गेली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन गेली, वय २१. पुढच्या फेब्रुवारीत लुइसेलची धाकटी बहीण एलियाना, तीही मॉडेल, वय १८. एका घरातल्या दोन मुली. माद्रिदच्या फॅशन वीकनं २००६ च्या सप्टेंबरमध्येच ठरावीक बॉडी मास इंडेक्सच्या खालच्या मॉडेलना रॅम्प बंद केला. इस्रायलनं २०१३ पासून जाहिरातीतल्या मॉडेलला तीन महिन्यांच्या आतलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागू केलं. फ्रान्सनं २०१७ मध्ये डॉक्टरचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. ते नसताना काम देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ७५,००० युरोपर्यंत दंड. त्याच वर्षी तिथल्या दोन सर्वांत मोठ्या फॅशन समूहांनी मिळून सोळा वर्षांखालच्या मुलींना मोठ्यांच्या कपड्यांसाठी घेणं थांबवलं आणि सगळ्यात लहान माप यादीतून काढून टाकलं.

फ्रान्सच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीला तिथं इंडेक्सचा आकडाच कायद्यात घालायचा विचार होता. शेवटी त्यांनी तो आकडा सोडला आणि निर्णय डॉक्टरवर ठेवला. हे शहाणपणाचं आहे. काही मुली जात्याच सडपातळ असतात, पोटभर जेवूनही. त्यांना घरी बसवणं हाही अन्यायच. आणि १९ इंडेक्स असलेली मुलगी आतून पोखरलेली असू शकते. म्हणून माझं मागणं वजनकाट्याचं नाही. वर्षातून दोनदा डॉक्टरची तपासणी, रक्त, रक्तदाब, आणि पाळीबद्दल एक सरळ प्रश्न. खर्च एजन्सीनं करावा, अहवाल मात्र मुलीच्या आणि डॉक्टरच्या मध्ये राहावा. तुम्हाला फक्त "कामाला योग्य" एवढं कळलं तरी पुरे.

मुलग्यांबद्दल कमी बोललं जातं, म्हणून इथं लिहिते. उघड्या अंगाच्या शूटच्या आधी दोन दिवस पाणी तोडायचं, मीठ बंद करायचं, लघवीच्या गोळ्या घ्यायच्या, म्हणजे स्नायूंच्या रेषा उठून दिसतात. या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. जिममधला कुणीतरी इंजेक्शनंही देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीनची पावडर टाळा असं सांगितलं आहे. आमची मुलं पावडरच्या फार पुढं गेली आहेत. एका सहकाऱ्याला मी व्हॅनिटी व्हॅनमध्ये पायाला गोळे येऊन कळवळताना पाहिलंय. तो तसाच कॅमेऱ्यापुढं गेला.

पाय बरा व्हायला मला तीन महिने लागले, पाळी परत यायला आठ. वजन ५४ च्या वर गेल्यावर ती आली. त्या दिवशी मी आईला फोन केला आणि पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. ती माझ्यावर रागावली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि नाचणीचं पीठ पाठवलं.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी अगदी साध्या आहेत. पहाटेचा कॉल असेल तर रात्रीच करून ठेवलेली ताकातली नाचणीची आंबील पिऊन निघते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आजीच्या चुलीची आठवण झाली. डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि दहीभात. भाकरी थंड झाली तरी खाता येते. पर्समध्ये तिळाचे लाडू. आठवड्यातून तीनदा वजनं उचलते, कारण हाडांना ओझं लागतं. नुसत्या पळण्यानं माझं भागलं नसतं. झोप मिळेल तेव्हा घेते, सलग दोन दिवस पहाटेचे कॉल घेत नाही. हे शेवटचं मला आज परवडतं. विसाव्या वर्षी परवडलं नसतं, आणि म्हणूनच ते मुलींवर सोडून चालणार नाही. आज माझं वजन ६० आहे, आणि त्या बारा किलोच्या लेहेंग्यातही मी सहज चालते. यारी रोडच्या सहाजणींपैकी पस्तिशीपर्यंत या कामात टिकलेली मी एकटीच आहे. बाकीच्या माझ्यापेक्षा चांगलं चालायच्या.

डिझायनर मंडळींना एक विशेष विनंती. सगळ्याचं मूळ नमुन्याच्या कपड्यात आहे. शोसाठी एकच नमुना शिवला जातो, तो ज्या मापाचा, त्याच मापाची मुलगी कास्टिंगला निवडली जाते, आणि मग देशभरच्या मुली त्या मापाच्या मागं धावतात. तुमच्या मास्टरजींना विचारा. ते सांगतील की शिवणीत दोन इंच माया ठेवायला काही कष्ट नाहीत; बाहेरच्या गल्लीतला शिंपीही शाळेच्या गणवेशात ठेवतो. उसवून मोठा करता येईल असा नमुना शिवला तर हंगामाच्या मध्यात कुणा मुलीला तीन आठवड्यांत अंग कमी करायला सांगावं लागणार नाही.

आणि एजन्सीवाल्यांनो, अठरा वर्षांखालच्या मुलीला मोठ्यांच्या कपड्यांसाठी पाठवू नका, आणि नव्या मुलींचे निदान पहिल्या वर्षीचे पैसे महिन्याभरात द्या. न्यूयॉर्कमध्ये २०२५ च्या जूनमध्ये लागू झालेल्या कायद्यानं मॉडेल एजन्सींना नोंदणी करावी लागते आणि कमिशनवर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. इथं कायदा यायला वेळ लागेल, पण पैसे वेळेवर द्यायला कायद्याची वाट बघावी लागत नाही.

दिवाळीच्या जाहिरातींचं शूटिंग जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होईल. कॉलशीटचा नमुना तुमच्या कॉम्प्युटरवर तयारच असतो: कॉल टाइम, मेकअप, केस, पहिला शॉट, पॅकअप. त्यात दुपारी दीडच्या समोर एक ओळ घाला, "मॉडेलचं जेवण, ४५ मिनिटं, या वेळात केस किंवा फिटिंग नाही." पॅकअप आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल यांत बारा तास सोडा. पुढच्या महिन्यात माझ्याकडच्या चौघी तुमच्याकडं कास्टिंगला येत आहेत. त्यांच्या पिशवीत डबे असतील. मीच सांगितलंय न्यायला.

आपली,
एक मॉडेल